सध्या कोणतीही नवीन सूचना नाही

परवा ऑफिसात नव्या साइटच्या मीटिंगमध्ये एका मुलीनं विचारलं, "सर, लॉगिन न केलेल्या माणसाला या चौकटीत काय दाखवायचं?" साधा प्रश्न. आमच्या धंद्यात तो रोज कुणीतरी विचारतं. लगेच दोघंतिघं बोलायला लागले. एक म्हणाला रिकामी ठेवू, दुसरा म्हणाला चौकटच लपवून टाकू. मी पाणी प्यायला म्हणून उठलो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो तो दहा मिनिटं आत गेलोच नाही. पोरांना वाटलं, सरांना फोन आला. फोनबिन काही आला नव्हता. मला हौसाताई आठवल्या होत्या, आणि त्या आठवल्या की मला चारचौघांत बसवत नाही.

हौसाताई चाकणच्या एका कारखान्यात रबरी माल तपासायच्या. गाडीच्या पत्र्याला भोक पाडून त्यातून वायरी नेतात, तिथं वायर कापू नये म्हणून रबराची एक कडी बसवतात. तसल्या हजारो कड्या रोज त्यांच्या हाताखालून जायच्या. मी त्याच कारखान्यात कॉम्प्युटरच्या खात्यात नवा लागलो होतो. वडील आकुर्डीच्या कंपनीत आयुष्य काढून रिटायर झालेले, घर रहाटणीत, आणि मी घरातला पहिलाच मुलगा की जो कारखान्यात जाऊन खुर्चीवर बसणार होता. त्यामुळे माझी मान जरा ताठच होती.

पहिली भेट भांडणाचीच. तपासणीच्या टेबलाजवळ कॉम्प्युटर बसवायचा होता, म्हणून मी वायरी घेऊन टेबलाशी वाकलो होतो. तेवढ्यात वरून आवाज आला, "ओ सायेब, उजेडातनं बाजूला व्हा. तुमी दिसताय, माल दिसंना." मी चिडलो. माझ्या गळ्यात निळ्या पट्टीचं ओळखपत्र, बाईच्या गळ्यात पिवळ्या पट्टीचं. निळी म्हणजे कंपनीचा माणूस, पिवळी म्हणजे ठेकेदाराचा. हे कुणी शिकवत नाही, पण आठवडाभरात आपली नजर समोरच्याच्या तोंडाआधी गळ्याकडे जायला लागते. माझीही जायला लागली होती, खोटं कशाला बोलू.

"दोन मिनिटं थांबा ना मावशी," मी म्हणालो.

"मावशी तुज्या घरी. हितं ताई म्हनायचं. आन दोन मिन्टात माजे चाळीस नग व्हत्यात."

झालं. तेव्हापासून त्या ताई आणि मी "काँप्युटर". नाव विचारून घेतलं होतं त्यांनी माझं, पण कधी वापरलं नाही. लांबूनच हाक मारायच्या, "ए काँप्युटर, जेवलास का?"

ठेंगणा बांधा, रुंद मनगटं, नाकावर घसरलेला चष्मा. पण चष्मा नुसता शोभेला. तपासणी चालायची ती उजव्या अंगठ्यानं. कडी उचलायची, अंगठा आतून एकदा आणि बाहेरून एकदा फिरवायचा आणि टाकायची. चांगली निळ्या क्रेटमध्ये, वाईट लाल. डोळे भलतीकडेच, तोंड चालू. मी एकदा विचारलं, न बघता कसं कळतं? तर म्हणाल्या, "डोळ्याला सवय लागती रे. शंभर चांगले बगितले की एकशे एकावा बी चांगलाच दिसतो. अंगठ्याचं तसं न्हाई. टोचलं म्हंजे टोचलं." मग माझ्या हातात एक कडी देऊन म्हणाल्या, सांग बरं. मी उलटीसुलटी करून बघितली, उजेडात धरली आणि छाती फुगवून सांगितलं, चांगली आहे. त्यांनी माझा अंगठा धरून आतल्या कडेवर एके ठिकाणी टेकवला. केसाएवढी रबराची झालर राहिली होती. टेबलावरच्या सगळ्या बाया खो खो हसल्या.

त्यांची एक खोड सुपरवायझरला अजिबात खपायची नाही. वाईट माल सापडला की चिठ्ठी लावून लाल क्रेटमध्ये टाकायचा, असा नियम. हौसाताई तो मुठीत घेऊन थेट मशिनवर जायच्या आणि ज्यानं काढला त्याच्यापुढं धरायच्या. "हे बग, ह्यो तुजा. साचा पूस." मग परत येऊन चिठ्ठी लिहायच्या. आधी मानसाला, मंग कागदाला, असं त्यांचं म्हणणं. सुपरवायझर वैतागायचा, टेबल सोडून हिंडू नका म्हणून ओरडायचा. त्यावर त्या शांतपणे म्हणायच्या, "चिठ्ठी त्याच्याकडं उद्या पोचनार. तवर दिसभर तसलाच माल काढंल गडी. आन वर त्याला वाटंल, मागनं कुनीतरी चुगली लावली."

हा नियम त्या स्वतःलाही लावायच्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एकदा गिऱ्हाइकाकडून एक आख्खा लॉट परत आला. त्या शिफ्टला टेबलावर दोघीच होत्या, हौसाताई आणि मंगल. मंगल म्हणजे ताईंची जीवाभावाची. एकाच गावची, एकाच बसनं येणारी, डबासुद्धा दोघींचा मिळून एक. लॉट नेमका कुणी पास केला हे शोधायला मीटिंग बसली, मला कॉम्प्युटरवरच्या नोंदी काढायला बोलावलं होतं. नोंदीत काही निघेना. साहेब म्हणाले, मग दोघींनाही बसवा घरी. तेवढ्यात दार ढकलून हौसाताई आत. कुणी बोलावलेलं नाही, काही नाही. "त्यो माज्या हातनं गेलाय. अंगठा कापला व्हता, पट्टी बांदलेली. सांगायला पायजे व्हतं, सांगितलं न्हाई." त्यांना तीन दिवस घरी बसवलं. चौथ्या दिवशी आल्या तेव्हा मी म्हणालो, "कशाला बोललात ताई? कुणाला कळलं नसतं." माझ्याकडे अशा बघायला लागल्या जसं काही मी त्यांच्याच गावातला आणि त्यांना रस्ता विचारतोय. "अरे, मंगलला बसवनार व्हते की!" म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

आता बोर्डाचं सांगतो. कँटीनच्या दाराशी काचेचा एक बोर्ड होता. सुट्ट्या, बसच्या वेळा, कुणाच्या निधनाची बातमी, रक्तदान शिबिर, सगळं त्यावर. जेवणाच्या सुट्टीत तो वाचून दाखवायचं काम हौसाताईंचं. भोवती पिवळ्या पट्टीच्या आठदहा बाया. काहींना वाचता येत नव्हतं असं नाही, पण ताईंनी वाचलेलं ऐकण्यात गंमत होती. "सर्व कामगारांना कळविन्यात येते की... कोन कळवतंय ते न्हाई सांगत बगा. घाबरतंय!" किंवा, "शिस्तभंगाची कारवाई करन्यात येईल. म्हंजे चपला बाहेर काडा." जेवण राहायचं बाजूला, हसून हसून बायांचे ठसके.

तो बोर्ड माझ्यामुळे गेला.

एचआरच्या मॅडमना कागद नकोसा झाला होता. सगळं साइटवर घ्या, म्हणाल्या, आणि ते काम मला मिळालं. नोकरीतलं माझं पहिलं स्वतःचं काम. मी ते अगदी जीव ओतून केलं. कंपनीच्या साइटवर सूचनांचं एक पान केलं. पत्ता एकच, पान एकच, पण बघणारा कोण त्यावर आतला मजकूर ठरणार. कंपनीच्या माणसानं आपला नंबर आणि पासवर्ड टाकून आत यायचं, की त्याला सगळ्या सूचना दिसणार. नंबर न टाकता जो बघेल त्याला फक्त खुल्या केलेल्या सूचना दिसणार. प्रत्येक सूचनेला एक खूण होती, 'फक्त लॉगिन केलेल्यांसाठी'. ती मी मुळातच लावून ठेवली होती. सूचना खुली करायची असेल तर टाकणाऱ्यानं आठवणीनं ती काढायची. मला वाटलं, हेच सुरक्षित.

आणि खुलं काहीच नसेल तेव्हा बाहेरच्याला काय दाखवायचं? मी आधी लिहिलं होतं, 'सूचना पाहण्यासाठी लॉगिन करा'. मॅडम म्हणाल्या, "हे नको. बाहेरच्याला उगाच वाटतं आपण काहीतरी लपवतोय." मग मी लिहिलं, 'सध्या कोणतीही नवीन सूचना नाही'. मॅडमना आवडलं. मलाही आवडलं, नेटकं वाटलं. बाहेरचा म्हणजे कोण, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नाही. मला आपला कुठला तरी दुसऱ्या कंपनीचा टायवाला माणूस डोळ्यांपुढं दिसत होता. पिवळ्या पट्टीवाल्यांना नंबर नव्हता आणि पासवर्डही नव्हता. अकरा वर्षं रोज गेटातून आत येणारी बाई माझ्या पानाच्या हिशेबी बाहेरचीच होती.

बोर्ड काढायला माणसं आली तेव्हा हौसाताईंनी मला गाठलं. "काँप्युटर, ह्यो का काढताय रं?" मी ऐटीत सांगितलं, आता सगळं फोनवर, घरबसल्या. त्या म्हणाल्या, "बोर्डापाशी दहाजनी उभ्या ऱ्हात्यात. एक वाचती, नऊजनी ऐकत्यात. फोन एकटीनं बगायचा असतो." मी म्हटलं, मग तुम्ही फोनवर बघून वाचून दाखवा, त्यात काय! त्यांचा फोन घेतला आणि पहिल्या पडद्यावरच माझ्या पानाचं चित्र आणून ठेवलं. "याच्यावर एकदा बोट ठेवलं की झालं." त्यांनी बोट ठेवलं. दसऱ्याच्या सुट्टीची सूचना आली. ती मॅडमनी सगळ्यांसाठी खुली केली होती. ताई खूश झाल्या. मग रोज एकच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी चष्मा नाकावर, फोन हातात आणि भोवती बाया. कधी सुट्टी निघायची, कधी बसची वेळ बदलायची. नसलं काही की मोठ्यानं वाचायच्या, "सध्या कोनतीही नवीन सूचना न्हाई! चला, जेवा."

त्या वर्षी कारखान्यात एक कुजबुज होती. ठेकेदाराच्या जुन्या माणसांपैकी काहींना कंपनी कायम करणार. वयाची अट पंचेचाळीसच्या आत. हौसाताईंना पंचेचाळीस पुरी व्हायला आठ महिने होते, मंगलला वर्ष. मी ताईंना हावरटपणा करताना कधी बघितलं नव्हतं, पण ही गोष्ट निघाली की त्यांचा हात थांबायचा. ठेकेदार दरवर्षी या लोकांना आठ दिवस घरी बसवतो आणि नवीन म्हणून परत घेतो, म्हणजे कागदावर कुणीच जुनं होत नाही. "अकरा वर्सांत अकरा येळा नवी झाले मी," ताई म्हणाल्या. "दर येळंला फोटू, दर येळंला अंगठा, दर येळंला विचारनार, काम येतं का? आता मला जुनं व्हायचंय बाबा." आणि मग, "कवा निघंल रं त्ये?"

"निघालं की साइटवर येईल. रोज बघत जा, ताई." हे माझे शब्द. माझेच.

ते निघालं. दहा दिवसांची मुदत, फॉर्म एचआरला द्यायचा. मॅडमनी सूचना टाकली आणि खूण काढायची राहून गेली. मला ती माझ्या पडद्यावर पहिल्याच दिवशी दिसली. मी तर निळ्या पट्टीचा, कायम आत. बरं वाटलं मला. मनात म्हटलं, चला, ताईंचं काम झालं. खाली जाऊन सांगावं असं वाटलं होतं, पण ऑडिटचा आठवडा होता आणि म्हटलं, रोज बघतातच की त्या. एकदा कँटीनच्या गर्दीत लांबून दिसल्या. त्यांनी फोन वर करून दाखवला आणि अंगठा उंचावला. मी समजलो, फॉर्म भरला. मीही अंगठा दाखवला. त्या सांगत होत्या, बघतेय बरं का रोज.

त्या दहा दिवसांत तिघांचौघांनी फॉर्म भरले. कुणाचा भाचा, कुणाचा मेहुणा, म्हणजे ज्यांच्या घरात निळी पट्टी होती तेवढ्यांनीच. बाकीच्या बायांनी स्वतः फोन उघडलाच नाही. हौसाताई रोज वाचून दाखवत होत्या ना.

मुदत संपल्यावर दोन दिवसांनी त्या वर आल्या. आमच्या मजल्यावर पहिल्यांदाच. गालिचा बघून दारात चपला काढल्या. "काँप्युटर, खाली पोरं म्हनत्यात फॉर्मची मुदत गेली. कसले फॉर्म?"

मी माझ्या पडद्यावर सूचना उघडून दाखवली. त्यांनी ती सावकाश पूर्ण वाचली. मग आपला फोन पडद्याच्या शेजारी धरला. तेच पान, तोच पत्ता. त्यावर माझं नेटकं वाक्य. मला त्याच क्षणी कळलं.

आता जे सांगायचंय ते आजवर मी कुणाला, अगदी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या महिनाअखेरीला माझं कन्फर्मेशनचं पत्र निघायचं होतं. वर्षभराची उमेदवारी संपत आली होती आणि सही मॅडमची होती. मी जाऊन सांगितलं असतं की पानात गफलत झाली, पिवळ्या पट्टीच्या कुणालाच सूचना दिसलेली नाही, मुदत वाढवा, तर त्यांनी वाढवली असती कदाचित. पण खूण काढायची राहिली ती मॅडमची आणि मुळात लावून ठेवलेली माझी. सांगायचं म्हणजे दोघांचीही चूक सांगायची. हे सगळं माझ्या डोक्यात किती वेळात आलं असेल? ताईंनी चष्मा काढून पुसेपर्यंत.

त्या चष्मा पुसत होत्या. मी माऊस हलवला, एक क्लिक केलं आणि सूचना सगळ्यांसाठी खुली केली. मग त्यांचा फोन हातात घेतला, पान बोटानं खाली ओढलं. "तुमच्या फोनवर जुनंच पान राहत होतं ताई. असं खाली ओढायचं असतं, म्हणजे नवीन येतं. बघा."

पान फिरलं आणि सूचना आली.

"अगं बया," ताई म्हणाल्या. त्यांनी फोन घेतला आणि स्वतः ओढून बघितलं. दोनदा, तीनदा. दर वेळी सूचना होतीच. "म्हंजे माजंच चुकलं म्हन की."

मी नाही म्हणालो नाही. खाली मान घालून काहीतरी टाइप करायला लागलो. काय टाइप करत होतो देव जाणे.

त्या खाली गेल्या आणि त्यांनी काय केलं असेल? त्यांचा नियम! त्या एकेका बाईकडे गेल्या. टेबलावर, मशिनवर, पॅकिंगला. प्रत्येकीपुढं उभं राहून सांगितलं, "माज्या हातनं झालं. मला फोन नीट वडता आला न्हाई." हे मला दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं हसत हसत सांगितलं. "ताईंनी सगळ्यांची नोकरी घालवली, राव! रिफ्रेश करता येत नाही म्हणे." मीही हसलो. हसलो, हो. ते हसू मला अजून ऐकू येतं.

बाकीच्या बायांनी चारदोन दिवस तोंडं फिरवली आणि सोडून दिलं. मंगलनं सोडलं नाही. "रोज छाती पुढं काढून वाचत होतीस ना?" एवढंच म्हणाली म्हणे, आणि डबा वेगळा केला. कँटीनमध्ये मी बघायचो. लांबलचक टेबलाच्या या टोकाला ताई, त्या टोकाला मंगल. ताई आता काही वाचून दाखवत नव्हत्या. कामही बदललं होतं त्यांचं. अंगठा फिरवून झाला की कडी पुन्हा उचलायच्या, चष्म्यातून निरखायच्या, पुन्हा अंगठा. नगांचा आकडा खाली आला. सुपरवायझर ओरडायला लागला, तर उलट बोलायच्याही नाहीत. मी सुपरवायझरच्या मागून हे बघायचो आणि जिना चढून गालिच्यावर जायचो.

पान मी त्याच आठवड्यात दुरुस्त केलं. खूण मुळातून काढली, ते वाक्य पुसून आधीचं टाकलं. मॅडमनी विचारलं, का बदललं? मी म्हटलं, सिक्युरिटीसाठी. त्यांनी मान डोलावली. महिनाअखेरीला माझं पत्र आलं. आईनं पेढे वाटले.

हौसाताईंची पंचेचाळीस जवळ आली. मी तिथं असेपर्यंत तशी एकही सूचना पुन्हा निघाली नाही. पुढं त्यांचं काय झालं, मला ठाऊक नाही. त्यांचा नंबर आजही माझ्या फोनमध्ये आहे आणि मी तो लावलेला नाही. हे जे लिहितोय ते त्यांच्या वाचनात येणार नाही, हे माहीत असल्यामुळेच लिहायला जमतंय, तेही सांगून टाकतो.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते माझ्या त्या कंपनीतल्या शेवटच्या दिवशी. दुसरी नोकरी मिळाली होती, सकाळी ओळखपत्र जमा केलं होतं. म्हणजे आता मला कसलीच भीती नव्हती, आणि तेव्हाच मला खरं बोलायचं धैर्य झालं, यावरूनच माझी किंमत करा. पहिली शिफ्ट सुटली होती. गेटाच्या आत दोन बाजूंना बस उभ्या असतात, एकीकडे कंपनीच्या माणसांच्या काचबंद, दुसरीकडे ठेकेदाराच्या. ताई आपल्या बसकडे चालल्या होत्या. मी त्यांना बाजूला घेतलं.

"ताई, तुमचा फोन बरोबर होता."

त्यांना आधी कळेना. मग मी सगळं सांगितलं. नंबरवाल्यांना दिसत होतं, तुम्हाला दिसतच नव्हतं. कितीही ओढलं असतंत तरी दिसलं नसतं. सांगताना मी त्यांच्या पिशवीकडे बघत होतो.

"मंग त्या दिशी वर आलं ते?"

"तुम्ही चष्मा पुसत होतात. तेव्हा मी ते खुलं केलं."

मला वाटलं, आता चार शिव्या घालतील. घालाव्यात, असंच मनात होतं. पण त्या म्हणाल्या, "मला वाटलं मला येड लागलं. तवापास्नं भरवसाच न्हाई ऱ्हायला माजा माज्यावर. साधी कडी तीन तीनदा बगती मी." मग थोड्या थांबून, "नोकरीचं जाऊ दे. मंगल पाच म्हैनं बोलली न्हाई माज्याशी."

"मला माफ करा ताई."

"माफी ऱ्हाऊ दे. ती बसमदी हाय. सगळ्या हायेत. चल वर. जसं मला सांगितलंस तसं सांग त्यांना."

"तुम्हीच सांगा ना. माझं नाव घेऊन सांगा, माझी ना नाही."

"मी सांगून कोन ऐकंल? मंगल म्हनंल, आता पाच म्हैन्यांनी अंगावरचं झटकती. तूच सांगायला पायजे. दोन मिन्टाचं तर काम हाय." आवाजात राग नव्हता. मला तर वाटतं, जराशी आशाच होती. "चल," म्हणून त्या पुढं झाल्यासुद्धा.

त्या पायरी चढून बसच्या दारात उभ्या राहिल्या आणि वळून माझी वाट बघायला लागल्या. खिडक्यांत बाया दिसत होत्या. तिसऱ्या खिडकीत मंगल, तोंड पलीकडे. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. "थांब रं जरा, एक मानूस यायचाय," ताई त्याला म्हणाल्या. मला स्पष्ट ऐकू आलं. दहा पावलांचं अंतर होतं. मी तिथंच उभा राहिलो. दुसरा हॉर्न झाला. पलीकडे माझी बस सुरू झाली आणि मी तिच्याकडे असा बघायला लागलो की जणू ती चुकली तर मी जन्मभर रहाटणीला पोचणार नव्हतो.

मी जाऊन माझ्या सीटवर बसलो. काचेतून बघितलं तर त्यांची बस गेटाकडे निघाली होती. हौसाताई आत जाऊन बसल्या नव्हत्या. एका हातानं दांडा धरून, दुसऱ्या हातानं दार उघडं ठेवून त्या पायरीवरच उभ्या होत्या, आणि गेट ओलांडेपर्यंत त्यांनी ते लावलं नाही.